सभागृहाविना सभा : वैद्यकीय आणि औषधव्यवसायातील परिषदांच्या दूरस्थ रूपाचा इतिहास

इ. स. २०२० च्या मार्च महिन्यात जगातील वैद्यकीय परिषदा आणि औषधनिर्मात्यांची प्रदर्शने एकाएकी सभागृहांतून उठून संगणकाच्या पडद्यावर गेली, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. घटना म्हणून हे विधान खरे आहे. इतिहास म्हणून ते अपुरे आहे. वैद्यकसभा तारेने, लहरींनी आणि पडद्याने दूर नेण्याचा उद्योग त्याच्या आधी सत्तर वर्षे चालू होता, आणि त्याचा खर्च बहुतेक वेळा औषधकंपन्यांनीच उचलला होता. यास्तव २०२० च्या स्थित्यंतराचा विचार करताना यंत्र कोणते वापरले हा प्रश्न गौण ठरतो. सभेचे निमंत्रण कोणाच्या हाती होते, खर्च कोणी केला, आणि ऐकणाऱ्याला उलट प्रश्न विचारता येत होता की नाही, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे होत. प्रस्तुत लेखात याच प्रश्नांच्या अनुरोधाने काही प्रसंग तपासावयाचे आहेत. संपूर्ण इतिहास सांगण्याचा येथे संकल्प नाही.

आधुनिक वैद्यकसभेचे रूप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठरले. पहिली आंतरराष्ट्रीय वैद्यकीय परिषद १८६७ साली पॅरिस येथे भरली. १८८१ च्या लंडन परिषदेस तीन हजारांहून अधिक सभासद उपस्थित होते. पाश्चर, कॉख, फिरखो आणि लिस्टर ही चार नावे एकाच परिषदेच्या पटावर आढळतात. त्याच उन्हाळ्यात साउथ केन्सिंग्टन येथे वैद्यकीय व आरोग्यविषयक वस्तूंचे मोठे प्रदर्शन मांडण्यात आले होते. म्हणजे व्याख्यान आणि दुकान ही जोडी प्रारंभापासूनची आहे. ती विसाव्या शतकातील व्यापारी कंपन्यांनी आणलेली विकृती नव्हे. या परिषदेतील एक महत्त्वाचा प्रसंग मात्र व्यासपीठावर घडलाच नाही. घन माध्यमावर जंतूंची शुद्ध पैदास करण्याची आपली रीत कॉखने किंग्ज कॉलेजातील लिस्टरच्या प्रयोगशाळेत करून दाखविली, आणि ती पाहणाऱ्यांत पाश्चर होता. सभेच्या कार्यक्रमपत्रिकेबाहेर, बाजूच्या खोलीत, प्रत्यक्ष वस्तू हाताळून जे घडते त्याचे हे चांगले उदाहरण होय. पुढील विवेचनात त्याची आठवण ठेवावी लागेल.

हिंदुस्थानात ही प्रथा लवकरच आली. १८९४ च्या डिसेंबरात कलकत्त्यास पहिली भारतीय वैद्यकीय परिषद भरली, आणि १९०९ च्या फेब्रुवारीत मुंबईत ‘बॉम्बे मेडिकल काँग्रेस’ झाली. तिचे कामकाज जेनिंग्ज यांनी संपादित केलेल्या ग्रंथात छापलेले आहे. त्या ग्रंथाकडे या लेखाच्या शेवटी पुन्हा वळावयाचे आहे.

आता ज्या प्रसंगाला मी या इतिहासाचा खरा आरंभ समजतो त्याकडे वळू. तो १९५५ सालचा आहे. तत्पूर्वी १९४९ साली अटलांटिक सिटी येथे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या अधिवेशनात स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच या औषधकंपनीने शस्त्रक्रियांचे रंगीत दूरचित्रवाणी-प्रक्षेपण दाखविले होते, आणि अशा प्रयोगांची डॉक्टरांना नंतर सवयही झाली होती. परंतु तेथे श्रोते एकाच नगरात होते. १२ एप्रिल १९५५ रोजी जे झाले त्याचा विस्तार खंडव्यापी होता.

त्या दिवशी मिशिगन विद्यापीठाच्या ॲन आर्बर येथील रॅकहॅम सभागृहात थॉमस फ्रान्सिस (धाकटे) यांनी जोनास साल्क यांच्या पोलिओ-लसीच्या चाचणीचा निष्कर्ष जाहीर केला. या चाचणीत सुमारे अठरा लक्ष मुलांचा संबंध आला होता. दिवसही योजून निवडलेला वाटावा असा होता : स्वतः या रोगाने पंगू झालेले राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या मृत्यूस त्या दिवशी बरोबर दहा वर्षे पूर्ण होत होती. सभागृहात सुमारे पाचशे निमंत्रित होते व त्यांतील बराच मोठा भाग वृत्तपत्रांच्या प्रतिनिधींचा होता. या सभेचे दुसरे, कितीतरी मोठे सभागृह अमेरिका आणि कॅनडा येथील चित्रपटगृहांत पसरलेले होते. एली लिली या औषधकंपनीने बंदिस्त दूरचित्रवाणीची व्यवस्था करून सुमारे ५४,००० डॉक्टरांना ही सभा त्यांच्या त्यांच्या गावच्या चित्रपटगृहात बसून पाहण्याची सोय करून दिली. तिचा खर्च अडीच लक्ष डॉलर झाला असे नमूद आहे.

लिली ही कंपनी या प्रसंगी तटस्थ यजमान नव्हती. १९५४ च्या चाचणीसाठी लस पुरविणाऱ्यांत ती होती, आणि परवाना मिळताच लस विकणाऱ्या पाच कंपन्यांपैकीही ती एक होती. डॉक्टरांना निष्कर्ष लवकर कळावा हा हेतू वरकरणी निर्दोष होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना घेऊन पालक दारात उभे राहणार आणि त्यांना उत्तर देण्याइतकी माहिती डॉक्टरांजवळ असली पाहिजे, या युक्तिवादात तथ्यही होते. पण फ्रान्सिस यांचा निष्कर्ष तोवर कोणत्याही वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला नव्हता. चाचणीचा सविस्तर अहवाल १९५७ साली ग्रंथरूपाने आला. चित्रपटगृहातील डॉक्टरापुढे व्याख्यात्याची आकृती होती, आकडे होते, आणि सभोवार हर्षाचे वातावरण होते. आकडे घरी नेऊन सावकाश तपासण्याची सवड त्याला नव्हती.

त्याच दिवशी अपराह्णी ॲन आर्बर येथे जमलेल्या तज्ज्ञांच्या समितीकडून अवघ्या काही तासांत शिफारस घेण्यात आली, आणि सायंकाळ होण्याच्या सुमारास वॉशिंग्टन येथे मंत्री ओव्हेटा कल्प हॉबी यांनी परवान्यांवर सही केली. समितीची बैठक बंद दाराआड झाली. पंधरवडाही लोटला नाही तोच कटर या कंपनीच्या लसीने मुलांना पक्षाघात होत असल्याच्या वार्ता येऊ लागल्या, आणि २७ एप्रिलला ती लस बाजारातून काढून घेण्यात आली. तिच्या काही भागांत जिवंत विषाणू राहिले होते. सुमारे दोनशे जणांना पक्षाघात झाला व दहा जण दगावले. मे महिन्यात संपूर्ण लसीकरण काही काळ स्थगित करावे लागले. विषाणू मारण्याची प्रक्रिया मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात सर्वत्र सारखी पार पडत नाही, ही अडचण उत्पादकांच्या वर्तुळात अज्ञात नव्हती. परंतु त्या दिवशीच्या सोहळ्यात तिला वाव नव्हता. फ्रान्सिस यांनी ज्या लसीची परीक्षा केली ती आणि बाजारात आलेली लस या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हा प्रश्न विचारण्याचे ठिकाणच त्या योजनेत ठेवलेले नव्हते. दूरचित्रवाणीमुळे हा अपघात झाला असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे अविचाराचे होईल. ५४,००० जाणकार माणसे एकाच वेळी एकाच सभेस हजर असणे आणि ती सभा चिकित्सक असणे या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही, एवढेच या उदाहरणावरून सिद्ध होते.

यानंतरच्या अर्धशतकाचा आढावा थोडक्यात घेणे पुरे होईल. १९६५ च्या मे महिन्यात ह्यूस्टन येथे मायकेल डीबेकी यांनी केलेली हृदयावरील शस्त्रक्रिया नुकत्याच सोडलेल्या ‘अर्ली बर्ड’ उपग्रहाच्या द्वारे जिनीव्हा येथील वैद्यांना दाखविण्यात आली. १९७८ साली झुरिच येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी फुग्याच्या साहाय्याने हृदयाच्या रोहिण्या रुंद करण्याची आपली पद्धत शिकविण्यासाठी वर्ग भरविला; शस्त्रक्रियेच्या खोलीतून शेजारच्या दालनात चित्र जात होते आणि श्रोते चालू कामातच प्रश्न विचारीत होते. जिवंत प्रात्यक्षिकाची ही रीत पुढे हृद्रोगतज्ज्ञांच्या परिषदांचा कणाच बनली, आणि त्याबरोबरच त्या प्रात्यक्षिकात कोणाचा फुगा व कोणाची नळी वापरली जाते यालाही बाजारात मोल आले.

याहून निराळ्या वळणाचे एक उदाहरण २००३ साली न्यू मेक्सिकोत उभे राहिले. संजीव अरोरा हे पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचे पदवीधर. आल्बुकर्क येथे यकृतरोगतज्ज्ञ म्हणून काम करीत असता, ‘क’ प्रकारच्या यकृतशोथाचे रुग्ण शेकडो मैलांवरून येतात आणि अनेकांना येणेच शक्य होत नाही, हे त्यांनी पाहिले. तेव्हा त्यांनी आठवड्यातून ठराविक वेळी खेड्यांतील व तुरुंगांतील डॉक्टरांशी दूरचित्राद्वारे बैठक सुरू केली. बैठकीत व्याख्यान अल्प असे. प्रत्येक डॉक्टरने आपला रुग्ण मांडावयाचा व सर्वांनी त्यावर बोलावयाचे, अशी रीत होती. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या ४०७ रुग्णांच्या अभ्यासात विद्यापीठाच्या चिकित्सालयात ५७.५ टक्के, तर या बैठकींच्या आधारे खेड्यांत व तुरुंगांत उपचार झालेल्यांत ५८.२ टक्के रुग्ण विषाणुमुक्त झाल्याचे आढळले. भारतात टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने २०१२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जालातही अवघड रुग्णांविषयी अशाच दूरस्थ बैठका होऊ लागल्या. म्हणजे २०२० पूर्वी दोन परंपरा स्पष्टपणे अस्तित्वात होत्या : एक चित्रपटगृहाची, दुसरी चर्चेच्या टेबलाची. महामारी आली तेव्हा यांतील पहिलीच परंपरा बहुतेकांनी उचलली, ही खेदाची बाब आहे.

महामारीच्या आरंभीचा एक प्रसंग या व्यवसायाला विशेष लागू पडतो. २६ व २७ फेब्रुवारी २०२० रोजी बायोजेन या औषधकंपनीच्या अधिकाऱ्यांचे संमेलन बॉस्टन येथील एका हॉटेलात भरले. उपस्थिती पावणेदोनशेच्या आसपास होती. तेथे कोविडचा संसर्ग पसरला, आणि पुढे विषाणूच्या जनुकीय खुणांवरून संशोधकांनी केलेल्या अभ्यासात, त्या संमेलनाशी निगडित वंशाच्या विषाणूने १ नोव्हेंबर २०२० पर्यंत अमेरिकेत सुमारे तीन लक्ष लोकांना बाधा झाली असावी असा अंदाज वर्तविण्यात आला. औषधव्यवसायातील माणसांनाही हस्तांदोलनाची सवय सुटली नव्हती. यात त्यांची निंदा करण्याचे कारण नाही; त्या आठवड्यात जगातील बहुतेक माणसे तशीच वागत होती.

त्यानंतरच्या काही दिवसांत निर्णय भराभर झाले. ऑर्लँडो येथे ९ मार्चपासून भरावयाचे आरोग्य-माहितीतंत्राचे मोठे प्रदर्शन ५ मार्चला रद्द झाले. त्याच बॉस्टनमध्ये ८ मार्चला सुरू होणारी रेट्रोव्हायरस-विषयक परिषद जेमतेम दोन दिवस आधी दूरस्थ करण्यात आली. शिकागो येथे भरणारी अमेरिकन कॉलेज ऑफ कार्डिओलॉजीची परिषद ठरल्या तारखांनाच, २८ ते ३० मार्च या दिवशी, पडद्यावर झाली. एप्रिलमध्ये अमेरिकन कर्करोग-संशोधन संघटनेने विनाशुल्क भरविलेल्या सभेस साठ हजारांहून अधिक नावे नोंदली गेली. या घाईत वापरलेली साधने परिषदांसाठी घडविलेली नव्हती. कचेऱ्यांतील बैठकींसाठी केलेल्या ‘झूम’ या साधनावर डिसेंबर २०१९ मध्ये दररोज एक कोटी उपस्थिती नोंदली जात होती. एप्रिल २०२० मध्ये ती तीस कोटींवर गेली. भारताच्या गृहखात्याने त्याच महिन्यात हे साधन सुरक्षित नसल्याची सूचना काढली. वैद्यकीय सभा मात्र त्यावर चालूच राहिल्या.

उन्हाळा सरेपर्यंत धांदल ओसरून सोहळ्याचे रूप आले. युरोपीय हृद्रोग संघटनेची परिषद ॲम्स्टरडॅम येथे व्हावयाची होती. ती २९ ऑगस्ट ते १ सप्टेंबर २०२० या काळात विनाशुल्क व पूर्णतः दूरस्थ झाली. आदल्या वर्षी पॅरिसला तीस हजारांच्या वर माणसे जमली होती. या वेळी लाखाहून अधिक सहभागी झाले. हा आकडा सर्वत्र विजयाने सांगितला गेला. तथापि नाव नोंदविणे, पडदा उघडणे आणि व्याख्यान ऐकणे या तीन भिन्न क्रिया आहेत, आणि १९५५ च्या ५४,००० प्रमाणेच या लाखाचेही पृथक्करण केल्याशिवाय त्यातून फारसे काही निष्पन्न होत नाही. विद्यार्थ्यांनी या वर्षांची आकडेवारी वाचताना ‘उपस्थित’ या शब्दाची व्याख्या प्रथम शोधावी.

लाभ खोटे होते असे नाही. मे महिन्याच्या अखेरीस झालेल्या अमेरिकन क्लिनिकल ऑन्कॉलॉजी संस्थेच्या अधिवेशनात, स्तनाचा कर्करोग निदानसमयीच अन्यत्र पसरलेला असल्यास मूळ गाठ काढून आयुर्मान वाढते काय, या प्रश्नावरील अमेरिकन चाचणीचा निष्कर्ष प्रमुख सत्रात मांडण्यात आला. उत्तर नकारार्थी होते. हाच प्रश्न घेऊन राजेंद्र बडवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या टाटा रुग्णालयात केलेल्या चाचणीने २०१५ सालीच असे उत्तर दिले होते. ज्या प्रश्नावर मुंबईने आधी काम केले त्याची चर्चा ऐकण्यासाठी यंदा मुंबईच्या निवासी डॉक्टरला विमानाचे भाडे नको होते. केवळ जागरण करावे लागत होते : शिकागोच्या दुपारी एक वाजता येथे रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. कालमानाचा हा कर कोणत्या देशांनी भरला याचा हिशेब कोणी मांडलेला माझ्या पाहण्यात नाही; तो मांडण्याजोगा आहे.

एड्सविषयक आंतरराष्ट्रीय परिषदांच्या संदर्भात तर दाराचा प्रश्न प्रारंभापासूनच राजकीय होता. १९८७ पासून अमेरिकेने एचआयव्ही-बाधितांना प्रवेशबंदी केली होती. त्यामुळे १९९० च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेवर अनेक संघटनांनी बहिष्कार घातला, आणि १९९२ ची बॉस्टन येथील नियोजित परिषद ॲम्स्टरडॅमला हलवावी लागली. २०१० च्या जानेवारीत बंदी उठली. त्यानंतर २०१२ साली वॉशिंग्टनला परिषद भरली. २०२० सालची परिषद सॅन फ्रान्सिस्को व ओकलंड येथे भरून जुने वर्तुळ पूर्ण व्हावयाचे होते, ते जुलैमध्ये पडद्यावर झाले. प्रवेशपत्राची अटच या योगे नाहीशी झाली. परंतु हा लाभ टिकाऊ ठरला नाही. २०२२ साली माँट्रियल येथे परिषद पुन्हा प्रत्यक्ष भरली, तेव्हा आफ्रिकेतील अनेक प्रतिनिधींना कॅनडाने प्रवेशपत्र नाकारले व त्यावरून मोठा क्षोभ झाला. त्यांना दूरस्थ सहभागाची वाट मोकळी होती हे खरे. सभागृहात बसलेल्यांनी पडद्यापलीकडच्यांना आपल्या बरोबरीचे मानले असते, तर या क्षोभाचे कारणच उरले नसते.

औषधव्यवसायाच्या दृष्टीने सर्वांत मोठी हानी प्रदर्शनाची झाली. औषधांच्या कच्च्या मालाचा व्यापार करणाऱ्यांची ‘सीपीएचआय’ ही युरोपातील वार्षिक जत्रा २०२० साली मिलान येथे भरावयाची होती. ऑक्टोबरात तिच्याऐवजी दूरस्थ मेळा झाला आणि २०२१ च्या नोव्हेंबरात ती मिलानलाच प्रत्यक्ष भरली. धनको आणि औषधकंपन्या यांची गाठ घालून देणारी, १९८३ पासून चालत आलेली सॅन फ्रान्सिस्को येथील जानेवारीतील परिषद २०२१ व २०२२ साली पडद्यावर झाली व २०२३ मध्ये मूळ हॉटेलात परतली. परतण्याची ही त्वरा बोलकी आहे. पडद्यावर उभारलेल्या आभासी दालनात चित्रातील स्टॉलवर बोट ठेवले असता माहितीपत्रक उघडते. पण कच्च्या मालाचा व्यवहार माहितीपत्रकावर होत नाही. माल पाहावा लागतो, माणूस जोखावा लागतो, आणि भावाची खरी बोलणी चहाच्या वेळी कोपऱ्यात होतात. लिस्टरच्या प्रयोगशाळेतील ती बाजूची खोली व्यापारालाही लागते. उलट, ज्या सभांत एकाने सांगावयाचे व इतरांनी ऐकावयाचे अशीच पद्धत होती त्या दूरस्थ रूपात सहज सामावल्या.

मोठ्या निष्कर्षांची घोषणा करण्याचा परिषदांचा मानही या काळात ढळला. डेक्सामेथासोनने गंभीर कोविड-रुग्णांचे प्राण वाचतात हा निष्कर्ष १६ जून २०२० रोजी, आणि फायझरच्या लसीचा पहिला निष्कर्ष ९ नोव्हेंबरला, वृत्तपत्रांना दिलेल्या निवेदनांतून जगाला कळला. कोणत्याही परिषदेची वाट पाहिली गेली नाही.

आणि तरीही, दूरस्थ सभेचे सर्वांत उत्तम उदाहरण याच वर्षाने दिले. १० डिसेंबर २०२० रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या लसविषयक सल्लागार समितीने फायझरच्या लसीचा विचार केला. सभासद आपापल्या घरी बसलेले होते. बैठक यूट्यूबवरून कोणालाही पाहता येत होती. कंपनीचे व प्रशासनाचे टिपण दोन दिवस आधी प्रसिद्ध झालेले होते. नागरिकांना बोलण्यास वेळ राखून ठेवला होता. दिवसभराच्या चर्चेनंतर १७ विरुद्ध ४ मतांनी, एक सभासद तटस्थ राहून, शिफारस झाली. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांविषयी पुरावा पुरेसा आहे काय यावर झालेला मतभेद सर्वांच्या समोर झाला. अध्यक्षस्थानी आर्नल्ड माँटो होते. ते मिशिगन विद्यापीठातील ज्या प्राध्यापकपदावर होते त्याला थॉमस फ्रान्सिस यांचेच नाव आहे. १९५५ साली फ्रान्सिस यांचे व्याख्यान खंडभर दाखविले गेले आणि परवान्याचा विचार बंद खोलीत झाला. २०२० साली परवान्याचा विचारच जगापुढे झाला. यंत्रातील फरक मोठा होता, पण तेवढ्याने हे घडले नसते. कटर प्रकरणानंतर त्या देशात उभे राहिलेले नियम आणि बैठकी उघड ठेवण्याची कायदेशीर सक्ती यांचे हे फळ होते.

आपल्याकडील चित्र याच्या शेजारी ठेवून पाहणे अप्रस्तुत होणार नाही, कारण त्यातील एका लसीचे उत्पादन पुण्यात झाले. सीरम इन्स्टिट्यूटची कोव्हिशील्ड व भारत बायोटेकची कोव्हॅक्सिन यांस ३ जानेवारी २०२१ रोजी औषध महानियंत्रकांनी मर्यादित वापराची परवानगी जाहीर केली. तज्ज्ञसमितीच्या बैठका आदल्या दिवसांत झाल्या होत्या. त्यांची संक्षिप्त टिपणे तेवढी प्रसिद्ध झाली. कोव्हॅक्सिनच्या परिणामकारकतेचे आकडे तेव्हा उपलब्ध नव्हते. घोषणेच्या वेळी लेखी निवेदन वाचण्यात आले व पत्रकारांचे प्रश्न घेण्यात आले नाहीत. कोव्हॅक्सिनचे आकडे पुढे समाधानकारक निघाले, परंतु त्यामुळे बैठक उघड न ठेवण्याचे समर्थन होत नाही. ज्या वर्षी या देशातील जवळजवळ प्रत्येक वैद्यकीय व्याख्यान पडद्यावर उपलब्ध होते, त्याच वर्षी ज्या एका बैठकीकडे सर्वांचे डोळे लागले होते ती पडद्यावर नव्हती.

भारतातील औषधकंपन्या आणि डॉक्टर यांच्या सभांचा प्रश्न मुख्यतः आतिथ्याच्या बाजूने हाताळला गेला आहे. भारतीय वैद्यक परिषदेने डिसेंबर २००९ मध्ये आपल्या आचारनियमांत दुरुस्ती करून औषधव्यवसायाकडून भेटी, प्रवास व पाहुणचार स्वीकारण्यास डॉक्टरांना मनाई केली. २०१६ साली डॉक्टरांच्या संघटनांचा उल्लेख त्यातून वगळला गेला. औषधविक्रीच्या आचारांची केंद्रीय संहिता २०१५ पासून ऐच्छिक स्वरूपात होती. २०२२ च्या फेब्रुवारीत ॲपेक्स लॅबोरेटरीज खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा भेटींचा खर्च करातून वजा करता येणार नाही असा निर्णय दिला. मार्च २०२४ च्या सुधारित संहितेने परदेशात शिक्षणसत्रे भरविण्यास बंदी घातली. या सर्व नियमांचा रोख विमान, हॉटेल आणि भोजन यांवर आहे. २०२० च्या टाळेबंदीत वेबिनारांचा जो पूर आला त्यात विमानही नव्हते, हॉटेलही नव्हते. व्याख्याता, विषय आणि वेळ यांची निवड मात्र बहुधा प्रायोजकच करीत होता. श्रोता किती मिनिटे थांबला, केव्हा उठला, कोणता प्रश्न टाईप केला, याची नोंदही व्यवस्थापकाच्या हाती राहू लागली. जुन्या परिषदेत कंपनीच्या प्रतिनिधीला हे ज्ञान दारात उभे राहूनही मिळाले नसते. सभेचा खर्च घटला असता प्रायोजकाचा प्रभावही घटेल, हे गृहीतक म्हणूनच तपासून घेतले पाहिजे. खर्चाच्या मापाने प्रभाव मोजण्याची सवय आपल्या नियमांना लागली आहे, आणि येथे ते माप निरुपयोगी ठरते. त्या दिवसांत सायंकाळी एकाच वेळी चार निमंत्रणे हाती असलेला सामान्य व्यवसायी कोणत्या सभेत शिरत होता, आणि तेथून निघताना त्याच्या औषधयोजनेत काय बदलले होते, हे अभ्यासावयाचे राहूनच गेले.

येथे साधनांचा प्रश्न उभा राहतो, आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांचा या विषयाशी खरा संबंध तेथेच येतो. १९०९ च्या मुंबई काँग्रेसचा ग्रंथ आज शंभराहून अधिक वर्षांनंतर वाचता येतो. कोण काय बोलले हे त्यात आहे. २०२० च्या सभांची निवडक व्याख्याने संघटनांनी जपली असली, तरी प्रश्न, आक्षेप आणि श्रोत्यांनी बाजूच्या चौकटीत लिहिलेली वाक्ये यांना तसा आश्रय मिळाला नाही. दूरस्थ दालने भाड्याने घेतलेली असत. पाहण्याची मुदत संपली की ती बंद होत. आभासी स्टॉल तर छायाचित्रापुरतेही उरत नाहीत. एकाच वेळी हजारो लोकांनी पाहिलेली सभा एका हस्तलिखित पोथीहून अधिक नाशवंत ठरावी, ही विचित्र गोष्ट आहे.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर काम हाती घेण्याजोगे आहे. वैद्यकीय संघटनांच्या जिल्हा व तालुका शाखांनी मार्च २०२० ते २०२२ या काळात भरविलेल्या दूरस्थ सभांची निमंत्रणे बहुतेक व्हॉट्सॲपवर चित्ररूपाने फिरली. ती अजूनही अनेक डॉक्टरांच्या जुन्या फोनांत पडून आहेत. फोन बदलले की ती जातील. प्रत्येक निमंत्रणावर विषय, व्याख्याता, वेळ आणि खालच्या पट्टीत प्रायोजकाचे चिन्ह एवढा मजकूर हमखास असतो. एका जिल्ह्याची अशी दोनतीनशे निमंत्रणे कालानुक्रमे लावली, आणि त्यांच्या शेजारी त्याच महिन्यांतील शासकीय उपचारसूचना ठेवल्या, तर आयव्हरमेक्टिन, फॅव्हिपिराविर व रेमडेसिव्हिर यांविषयी प्रायोजित सभांत केव्हा काय सांगितले गेले हे अनुमानाने नव्हे तर पुराव्याने मांडता येईल. ज्यांना प्रबंधासाठी विषय हवा आहे त्यांनी प्रथम आपल्याच गावच्या शाखेच्या चिटणीसांकडे चौकशी करावी. डॉक्टरांची नावे गाळून, प्रायोजकांची ठेवून, नोंदी करण्यास त्यांची बहुधा हरकत असणार नाही.